कोबो टूलबॉक्स: समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी किती उपयोगी?

एम.ए. समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी दीडशे-दोनशे घरांचं सर्वेक्षण करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कागद घ्यायचा की मोबाइल? कागदाचा हिशोब करून बघा. साठ प्रश्नांची प्रश्नावली आणि दोनशे कुटुंबं म्हणजे १२,००० उत्तरं. ती घरोघरी लिहून आणायची आणि मग एकेक करून एक्सेलमध्ये चढवायची. दोघांनी मिळून केलं तरी दोन आठवडे सहज जातात, आणि चढवताना झालेली चूक नंतर सापडत नाही. कोबो टूलबॉक्स हे साधन नेमकी ही दुसरी फेरी वाचवतं. प्रश्नावली मोबाइलवर, नेट नसतानाही भरायची, नेट मिळालं की पाठवायची, आणि सगळी उत्तरं एका तक्त्यात तयार.

आमचं मत आधीच सांगतो: विद्यार्थ्यांनी कोबो जरूर वापरावा. मात्र तो उत्तरं चढवण्याचं काम वाचवतो, प्रश्नावलीवरचं काम वाचवत नाही. उलट ते काम गावात जायच्या आधीच पुरं करायला लावतो. कागदावर 'लागू असल्यास लिहा' असं छापून वेळ मारून नेता येते. कोबोत 'लागू' म्हणजे नक्की कधी, कोणत्या उत्तरानंतर, हे ठरवल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. उपयोजित समाजशास्त्र शिकणाऱ्याला हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि बहुतेकांची तक्रारही याच गोष्टीबद्दल असते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४ श्रेयांक आहेत, दुसऱ्यात क्षेत्र प्रकल्प किंवा ऑन जॉब ट्रेनिंगला ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्यात ६. म्हणजे ८८ पैकी १८ श्रेयांक प्रत्यक्ष संशोधनाशी बांधलेले आहेत. एवढं वजन असताना सर्वेक्षणाचं साधन शेवटच्या महिन्यात घाईत शिकणं परवडत नाही. कोबो दुसऱ्या सत्राच्या क्षेत्र प्रकल्पातच हाताळून ठेवावा.

साधन काय आहे

कोबोची सुरुवात हार्वर्डच्या मानवतावादी उपक्रमातल्या संशोधकांनी केली. उत्तर युगांडातल्या युद्धग्रस्त भागातल्या सर्वेक्षणांतून ही कल्पना आली, आणि 'कोबो' हा तिथल्या अचोली भाषेतला शब्द आहे, अर्थ हस्तांतर. आत ओडीके नावाची मुक्त प्रणाली आहे, त्यामुळे एकदा कोबोचा फॉर्म बनवता आला की ओडीके किंवा सर्व्हेसीटीओ या सर्वेक्षणाच्या दुसऱ्या साधनांवरही तेच कौशल्य चालतं. पुढे एखाद्या संस्थेत नोकरी लागली तर ही गोष्ट कामाला येते, कारण आपत्ती, आरोग्य, शिक्षण या क्षेत्रांतल्या पाहण्या बऱ्याचदा याच कुळातल्या साधनांवर होतात.

साधनाचे दोन भाग आहेत. संकेतस्थळावर फॉर्म बनतो आणि उत्तरं जमा होतात. 'कोबोकलेक्ट' हे अँड्रॉइड अ‍ॅप फिल्डवर फॉर्म भरायला. आयफोनसाठी अ‍ॅप नाही. त्यावर ब्राउझरमध्ये उघडणारा वेब फॉर्म वापरावा लागतो. तो एकदा उघडल्यावर नेटशिवाय चालतो, पण ब्राउझरचा साठा पुसला गेला तर न पाठवलेल्या नोंदी जातात. फिल्डवर साधा, बॅटरी टिकणारा अँड्रॉइड फोनच न्यावा.

मोफत खात्यात दरमहा किती नोंदी आणि किती साठा मिळतो यावर मर्यादा आहेत आणि त्या अधूनमधून बदलतात. खात्याच्या 'यूसेज' पानावर चालू आकडे दिसतात. विद्यार्थ्याला नोंदींची मर्यादा आड येत नाही, दोनशे-तीनशे कुटुंबं आरामात बसतात. आधी भरतो तो साठा, आणि तो भरतो फोटो आणि ध्वनिमुद्रणाने. त्यावर उपाय पुढे आहे.

गूगल फॉर्मशी तुलना नेहमी होते. शहरातल्या, स्वतः फॉर्म भरणाऱ्या, नेट असलेल्या लोकांसाठी गूगल फॉर्म पुरेसा आहे. तिथे वळणं (उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवणं) मात्र विभागाच्या पातळीवर द्यावी लागतात, एकेका प्रश्नाच्या नाही. कुटुंबातल्या प्रत्येक सदस्यासाठी तेच प्रश्न पुन्हा विचारायची सोय नाही, आणि नेट गेलं की काम थांबतं. वाडीवर जाऊन मुलाखत घ्यायची असेल तर गूगल फॉर्मचा विचार सोडा.

फॉर्म एक्सेलमध्येच बनवा

कोबोच्या संकेतस्थळावर ओढून-सोडून फॉर्म बनवायची सोय आहे. पंधरा-वीस प्रश्नांपर्यंत ती ठीक. त्यापुढे एक्सेलमध्ये फॉर्म बनवून चढवावा, याला 'एक्सएलएस फॉर्म' म्हणतात. त्यात तीन पानं लागतात: 'सर्व्हे' पानावर प्रश्न, 'चॉइसेस' पानावर उत्तरांचे पर्याय, 'सेटिंग्ज' पानावर फॉर्मचं नाव आणि आवृत्ती. प्रत्येक प्रश्नाला एक ओळ. रकाने ठरलेले आहेत: प्रकार, चलाचं नाव (उत्तरांच्या तक्त्यात रकान्याच्या माथ्यावर येतं ते), प्रश्नाचा मजकूर, सूचना, सक्तीचा आहे का, कधी दाखवायचा, उत्तराला मर्यादा काय. एक्सेलचा मोठा फायदा म्हणजे मार्गदर्शकांना तीच फाइल पाठवून त्यावर शेरे घेता येतात, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात प्रश्नावली तिथूनच उचलता येते.

चलाचं नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता, छोटं आणि अर्थपूर्ण द्या. प्रश्न क्रमांकावरून नाव दिलं की मध्ये एक प्रश्न वाढल्यावर सगळी साखळी कोलमडते.

मराठीच्या बाबतीत तीन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, टंकन. विभागातली जुनी प्रश्नावली बहुधा झेरॉक्सच्या दुकानात श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असते. त्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात देवनागरी, पण आत साठवलेली असतात रोमन. कोबोत चिकटवली की अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

दुसरं, भाषेचं लेबल. फॉर्म मराठी आणि इंग्रजी दोन्हींत ठेवायचा असेल तर मजकुराच्या रकान्याच्या शीर्षकात दोन वेळा कोलन देऊन भाषेचं नाव आणि कंसात तिचा दोन अक्षरी संकेत लिहावा लागतो. अनेक जण हे प्रश्नाच्या रकान्याला करतात आणि सूचनेच्या व चुकीच्या संदेशाच्या रकान्यांना विसरतात. मग फॉर्ममध्ये एक बिननावाची तिसरी भाषा तयार होते, आणि मराठी निवडली की सूचना गायब. भाषेचं नाव सगळ्या रकान्यांत अक्षर न् अक्षर सारखं हवं.

तिसरं, अंक. वय विचारताना प्रश्नाचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवला की एक जण देवनागरी अंकांत लिहितो, दुसरा इंग्रजी अंकांत, तिसरा 'पंचेचाळीस'. या तिघांची सरासरी कोणतंही सॉफ्टवेअर काढत नाही. संख्या असेल तिथे 'इंटिजर' किंवा 'डेसिमल' असाच प्रकार ठेवा.

जमिनीचा एक प्रश्न

'तुमच्याकडे किती जमीन आहे?' हा प्रश्न बघा. कागदावर एक रेघ मारून काम भागतं. लोक सांगतात, 'दीड एकर', 'एकर दहा गुंठे', 'साठ आर', 'बापाच्या नावावर तीन, वाटणी नाही झाली'. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात एकर-गुंठे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे साधारण २.४७ एकर. विद्यार्थ्याने डेसिमल प्रश्न ठेवला आणि एकर दहा गुंठ्यांना १.१० लिहिलं, तर खरं उत्तर १.२५ होतं. प्रत्येक घरात अशी चूक झाली तर जमीनधारणेचा सगळा तक्ता निकामी.

कोबोत हे असं बसवावं: एकरांसाठी एक पूर्णांकाचा प्रश्न, गुंठ्यांसाठी दुसरा. गुंठ्यांच्या मर्यादेच्या रकान्यात ० ते ३९ एवढंच स्वीकारायची अट, आणि चुकीच्या संदेशात 'चाळीस गुंठे झाले तर एकरात धरा' असं साध्या मराठीत. खाली 'कॅल्क्युलेट' प्रकारची एक ओळ, जी गुंठ्यांना ४० ने भागून एकरांत मिळवते. ही ओळ फोनवर दिसत नाही, पण तक्त्यात नेमका आकडा येतो. त्याच्या वर दोन प्रश्न हवेत: जमीन कोणाच्या नावावर, आणि कसतं कोण. मालकी, कसवणूक आणि न झालेली वाटणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. साधन तुम्हाला हे सुचवणार नाही. मात्र ओळी लिहायला बसलात की ते आपोआप लक्षात येतं, कारण प्रत्येक ओळीला एकच उत्तर लागतं.

कुटुंब, धर्म, जात

फॉर्मच्या पहिल्या पाच प्रश्नांतच समाजशास्त्राची परीक्षा होते. 'कुटुंबात किती माणसं?' या प्रश्नाला गावात दोन-तीन उत्तरं मिळतात. जनगणना एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. म्हणून 'एका चुलीवर किती जण जेवता?' असं विचारा आणि सूचनेच्या रकान्यात लिहून ठेवा की बाहेरगावी शिकणारा मुलगा, हंगामी कामाला गेलेली माणसं धरायची की नाहीत. ही सूचना फोनवर प्रत्येक मुलाखतीत प्रश्नाच्या खाली दिसते. चार मित्र मिळून सर्वेक्षण करत असतील तर चौघांची व्याख्या एक राहते. कागदावर हे साधायला वेगळी मार्गदर्शिका बाळगावी लागते आणि ती पिशवीतून कोणी काढत नाही.

धर्माच्या पर्यायांत 'हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, इतर' एवढंच ठेवलेले फॉर्म आजही दिसतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ५.८ टक्के लोकांनी बौद्ध धर्म नोंदवला, म्हणजे ६५ लाखांहून जास्त. त्यांना 'इतर'मध्ये टाकणं ही तांत्रिक चूक नाही, समाजाचं अज्ञान आहे. धर्म, जात आणि आरक्षणाचा प्रवर्ग हे तीन स्वतंत्र प्रश्न ठेवा, कारण १९९० पासून बौद्ध धर्मीय अनुसूचित जातींना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा आहे आणि धर्मावरून प्रवर्ग ओळखता येत नाही. प्रवर्गांची यादी महाराष्ट्राची द्या, त्यात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे ब, क, ड गट वेगळे. दुसऱ्या राज्याचा फॉर्म उचलला की हे गट नाहीसे होतात.

जातीचा प्रश्न शेवटाकडे ठेवा आणि 'सांगायचं नाही' हा पर्याय बाकीच्यांइतकाच ठळक असू द्या. उत्तर टाइप करून घेण्यापेक्षा त्या तालुक्यातल्या जातींची यादी आणि शेवटी 'इतर' चांगलं, कारण टाइप केलेल्या एकाच जातीची चार-पाच लेखनं होतात. मराठीत आणखी एक छुपी अडचण आहे. 'शेतकऱ्याकडे मजुरी' यातला ऱ्य वेगवेगळे कळफलक आत वेगवेगळ्या संकेतांनी साठवतात. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, संगणक दोन मोजतो. मोकळ्या उत्तरांची गणना करायच्या आधी शोधा-बदला करून ऱ्य एकसारखा करून घ्यावा.

वळणं आणि संकेत

समजा विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा आहे. 'गेल्या हंगामात घरातून कोणी तोडीला गेलं का?' याला 'हो' आलं तरच पुढचा गट उघडायचा: किती कोयते गेले, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, मुलं बरोबर नेली की मागे ठेवली, फिटली किती. एक्सेलमध्ये हे 'रिलेव्हंट' रकान्यात एका अटीने होतं, आणि ती अट प्रत्येक प्रश्नाला न लावता गटाला लावावी. कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, म्हणून 'किती माणसं गेली' आणि 'किती कोयते' हे दोन वेगळे प्रश्न. उचल कोयत्यावर ठरते. तिला माणशी भागलं तर मजुरीचा आकडा अर्धा दिसेल.

जिथे गट उघडला नाही तिथे तक्त्यात रिकामी जागा येते. रिकामी जागा म्हणजे 'लागू नाही'. 'माहीत नाही' आणि 'उत्तर दिलं नाही' यांना स्वतंत्र पर्याय द्या, नाहीतर तिन्ही गोष्टी रिकाम्या जागेत मिसळतात. बरेच जण ९८ आणि ९९ हे संकेत वापरतात. पर्यायांच्या प्रश्नात ते चालतात, पण वय किंवा रुपये यांच्या रकान्यात ९९ हा खरा आकडा असू शकतो आणि सरासरीत मिसळतो. तिथे उणे ९९ सारखा अशक्य आकडा ठरवा, मर्यादेच्या अटीत त्याला मुभा द्या आणि विश्लेषणाच्या पहिल्याच पायरीत तो बाजूला काढा.

एकापेक्षा जास्त उत्तरांच्या प्रश्नात 'यांपैकी काहीच नाही' निवडून बाकी तीनही निवडता येतात, जोवर तुम्ही अडवत नाही. मर्यादेच्या रकान्यात अट घाला की तो पर्याय निवडला असेल तर निवडींची संख्या एकच हवी. दोन मिनिटांचं काम आहे, आणि न केल्यास शेवटी वीस-पंचवीस नोंदी परस्परविरोधी निघतात.

कुटुंबातल्या प्रत्येक सदस्याची माहिती 'रिपीट' गटाने घेता येते. आमच्या मते कोबोची ही सर्वांत कमकुवत जागा आहे. कागदावर सगळं घर एका चौकटीत एका नजरेत दिसतं: सासू, सून, तीन मुलं. आजोबा राहिले हे लगेच लक्षात येतं. फोनवर एकेक माणूस वेगळ्या पडद्यावर येतो, मागे जाऊन दुरुस्त करणं कटकटीचं होतं आणि मुलाखत लांबते. गटाला 'फील्ड-लिस्ट' ही मांडणी दिली की एका सदस्याचे सगळे प्रश्न एकाच पडद्यावर येतात, त्याने बरंच सुसह्य होतं. सदस्यांची संख्या आधी विचारून तेवढेच गट उघडायचं बंधन घाला. पाच-सहा प्रश्नांपेक्षा जास्त प्रश्न या गटात ठेवू नका.

फिल्डवर

फॉर्म 'डिप्लॉय' केला, म्हणजे भरण्यासाठी खुला केला, की प्रकल्पाच्या 'फॉर्म' पानावर अँड्रॉइड अ‍ॅपचा पर्याय निवडा. तिथे दिसणारा पत्ता जसाच्या तसा अ‍ॅपमध्ये भरा, ब्राउझरच्या पट्टीतला नाही. बहुतेकांचं पहिलं अडखळणं इथेच होतं. मित्रांना स्वतःचा पासवर्ड देऊ नका. त्यांची खाती उघडून त्यांना फक्त नोंदी भरायची परवानगी द्या. तसं केलं तर कोणती नोंद कोणाची हे कळतं आणि चुकून कोणाच्या हातून प्रकल्प पुसला जात नाही. प्रकल्प पुसला की उत्तरंही जातात.

आठ-दहा घरांत चाचणी घ्या, आणि ती घरं नमुन्यात धरू नका. फॉर्ममध्ये सुरुवात आणि शेवटाच्या वेळेच्या ओळी घाला, त्यावरून मुलाखत किती चालली ते मिळतं. चाळीस मिनिटांवर गेली तर प्रश्न कमी करा. त्यापुढे उत्तरं कंटाळून दिलेली असतात आणि ते आकड्यांत दिसत नाही. 'ऑडिट' नावाची एक ओळ घातली तर प्रत्येक प्रश्नावर किती सेकंद गेले तेही नोंदलं जातं. ज्या प्रश्नावर सगळेच अडतात तो प्रश्न वाईट लिहिला आहे. संशोधन पद्धतीच्या तासाला हा तक्ता पडद्यावर दाखवावा इतका तो बोलका असतो.

चाचणीनंतर फॉर्म बदलला की संकेतस्थळावर पुन्हा 'रीडिप्लॉय' करावं लागतं, आणि प्रत्येकाने फोनवर नवा कोरा फॉर्म उतरवावा लागतो. यातलं एक राहिलं की चौघांपैकी दोघे जुनाच फॉर्म भरत फिरतात. सर्वेक्षण सुरू झाल्यावर प्रश्नाचा मजकूर सुधारला तर चालतो, चलाचं नाव मात्र बदलू नका. नाव बदललं की तक्त्यात नवा रकाना उघडतो आणि जुनी उत्तरं पहिल्या रकान्यातच राहतात. पर्यायांचे संकेतही मध्येच बदलू नका, नवा पर्याय शेवटी जोडा.

जीपीएसचा बिंदू प्रत्येक घराचा लागतोच असं नाही. लागत असेल तर अंगणात उभं राहून घ्या. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली अचूकता पाच मीटरवर यायला वेळ लागतो आणि घाईत घेतलेला बिंदू शेजारच्या गल्लीत पडतो. फोटोच्या ओळीला 'मॅक्स-पिक्सेल्स' १,०२४ ठेवा, काही एमबीचा फोटो काहीशे केबीवर येतो आणि साठा टिकतो. ध्वनिमुद्रण नेहमीच्या दर्जात तासाला साधारण ३० एमबी घेतं, फक्त आवाजाच्या दर्जात पाचच्या आसपास.

संध्याकाळी नेटमध्ये आल्यावर 'पाठवायला तयार' या यादीतल्या नोंदी पाठवा आणि संकेतस्थळावर संख्या जुळवा. अर्धवट जतन केलेले मसुदे या यादीत नसतात, ते वेगळे उघडून पूर्ण करावे लागतात. फोन हळू चालतो म्हणून कोणी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं किंवा अ‍ॅपचा साठा पुसला तर न पाठवलेलं सगळं जातं, परत मिळत नाही. संपूर्ण सर्वेक्षणातली एकमेव कायमची हानी बहुधा अशीच होते.

तक्ता उतरवताना

उतरवताना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) न निवडता एक्सेलचा पर्याय घ्या. एक तर सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी बिघडते. दुसरं म्हणजे सदस्यांचे रिपीट गट सीएसव्हीत येत नाहीत, एक्सेलमध्ये ते वेगळ्या पानावर येतात. त्या पानावर 'पॅरेंट इंडेक्स' नावाचा रकाना असतो, तो मुख्य पानावरच्या 'इंडेक्स'शी जुळवायचा. दोन्ही पानं शेजारी शेजारी चिकटवू नका. मुख्य पानाची एक ओळ म्हणजे एक कुटुंब, दुसऱ्याची एक ओळ म्हणजे एक माणूस. साक्षरतेचं प्रमाण माणसांवर काढायचं, जमिनीचं कुटुंबांवर. मौखिक परीक्षेत 'एकूण किती?' या प्रश्नावर अडखळणाऱ्यांचा गोंधळ बहुधा इथलाच असतो.

एक प्रत संकेतांसह उतरवा आणि एक मराठी लेबलांसह. विश्लेषण संकेतांवर, तक्त्याची मांडणी लेबलांवर. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरसाठी लेबलांची वेगळी फाइलही मिळते. नोंद पोहोचल्याची वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असते, आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. नाहीतर सकाळी दहाला पाठवलेली नोंद पहाटे साडेचारची दिसते आणि मार्गदर्शकांना शंका येते.

कोबोच्या 'रिपोर्ट्स' पानावर स्तंभालेख आपोआप येतात. रोजची प्रगती पाहायला ते उत्तम आहेत, प्रबंधात जसेच्या तसे चिकटवू नका. तिथली टक्केवारी त्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांतली असते. वर म्हटलेल्या ऊसतोडीच्या गटात ती फक्त तोडीला गेलेल्या कुटुंबांची असेल. आलेखाच्या वर कितीपैकी किती जणांनी उत्तर दिलं ते लिहिलेलं असतं, ती ओळ आधी वाचा. दोन चलांचे तक्ते आणि त्यांचा संबंध तपासणारी काय-वर्ग चाचणी यांसाठी एसपीएसएस, आर किंवा मोफत मिळणारं जामोवी लागणारच.

सखोल मुलाखतींसाठी कोबो वापरू नये. संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणाचं आपोआप प्रतिलेखन करायची सोय आली आहे, पण मोफत खात्यात त्याची मिनिटं मोजकीच. शिवाय अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या माणसाचं बोलणं प्रमाण मराठीत ओढून बसवलं की त्यातलं महत्त्वाचंच निसटतं. मुलाखत वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, हाताने उतरवा. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्येही शेवटी 'निरीक्षण' असा एक मोकळा प्रश्न ठेवा आणि खिशात वही असू द्या. दारातून परत बोलावून सांगितलेली गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही.

नमुन्याबद्दलही साधन काही करू शकत नाही. ऊसतोड कुटुंबांचा अभ्यास करायला डिसेंबरात गावात गेलात तर तोडीला गेलेली घरं कुलूपबंद मिळतील. घरी सापडतील ते न गेलेले आणि म्हातारे. दोनशे नोंदी पूर्ण होतील, एकही चूक दिसणार नाही, आणि निष्कर्ष उलटा निघेल. फॉर्ममध्ये 'घर बंद', 'नकार' अशा नोंदींचाही पर्याय ठेवा आणि त्याही पाठवा. किती दारं उघडली नाहीत हा आकडा प्रबंधात द्यावाच.

संमती आणि गोपनीयता

फॉर्मची पहिली ओळ संमतीची असावी: अभ्यास कशाचा, किती वेळ लागेल, नको वाटलं तर थांबता येईल, काम संपल्यावर संकेतस्थळावरची उत्तरं पुसली जातील. 'नाही' म्हटलं की बाकी सगळे प्रश्न बंद व्हावेत, ही अट एका गटाने होते. नाव आणि मोबाइल नंबर अभ्यासाला लागत नसतील तर विचारूच नका. कोबोचे सर्व्हर भारताबाहेर आहेत, खातं उघडतानाच जागतिक की युरोपीय हे निवडावं लागतं आणि नंतर खातं तसंच दुसरीकडे हलत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून विद्यापीठांच्या नीती समित्या याबद्दल विचारू लागल्या आहेत, म्हणून प्रस्तावातच सर्व्हरचा उल्लेख करा. जात, उचल, घराचा जीपीएस बिंदू या तीन गोष्टी एकत्र असल्या की नाव नसतानाही घर ओळखता येतं. अत्यंत नाजूक विषय असेल तर फॉर्म कूटबद्ध करता येतो, पण मग उत्तरं संकेतस्थळावर दिसत नाहीत आणि ती उलगडणारी खासगी किल्ली (फाइल) हरवली तर कायमची बंद होतात. एम.ए.च्या पातळीवर त्यापेक्षा जीपीएस न घेणं सोपं.

सर्वेक्षण संपल्यावर तक्ता, एक्सेल फॉर्म आणि 'ऑडिट'ची नोंद दोन ठिकाणी जतन करा, त्यातली एक प्रत विभागाकडे. जतन केलेल्या तक्त्यातून बिंदू आणि गावाची नावं काढून संकेत घाला. मौखिक परीक्षा झाल्यावर संकेतस्थळावरचा प्रकल्प पुसून टाका. संमती घेताना तसं लोकांना सांगितलेलं असतं.